नवसाची गाडी

नंदीशने ऐन पन्नाशीत जुनी, लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली. कॉलेजपासूनचं स्वप्न होतं ते. पण टेंपोतून उतरलेली गाडी थेट गॅरेजात गेली आणि तिथलीच झाली. कार्बोरेटर झाला, क्लच झाला, वायरिंग झालं, तरी ती हूं की चूं करेना.

शेवटी मेकॅनिकने हात जोडले. "साहेब, जमतंय तेवढं केलो मी. आता देवालाच बघू द्या की."

रडकुंडीला आलेल्या नंदीशने बॉनेटवर डोकं टेकलं. "स्वामी, एवढी सुरू होऊ दे. अक्कलकोटला चालत येतो."

किल्ली फिरवली आणि इंजिन धडधडलं!

"पावले की स्वामी!" त्याची बायको शिवलीला म्हणाली. "आता नवस फेडल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावायचा नाही. तुम्ही चाला, गाडी मी आणते. नव्या गाडीला पहिलं दर्शन नको का?"

वाटेतल्या कुंभारी गावाच्या पुढे ती हॉर्न वाजवत त्याला मागे टाकून गेली. येताना तरी आपणच चालवणार, या एका आशेवर तो पायाचे फोड सांभाळत अक्कलकोटला पोचला. वेशीपाशी गाडी उभी होती, इंजिन झकास गुरगुरत होतं.

"मघाशी बंद पडली होती हो," शिवलीला म्हणाली. "काही केल्या हलेना. मग मीही नवस बोलले, लगेच सुरू झाली."

"काय बोललीस?"




"तुम्ही परतही चालतच जाल म्हणून."