सर्व लाभांसह

शेजारच्या टेबलावरच्या हंगामी कारकुनाला अखेर कायम केलं, आणि तेही मागच्या तारखेपासून, म्हणजे माझ्या लग्नाच्याही आधीपासून. पगारातला सगळा फरक त्याला एकरकमी मिळाला. माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू? माझ्या बायकोला आधी त्यानेच मागणी घातली होती. "हंगामी माणसाला मुलगी देणार नाही," असं म्हणून सासऱ्यांनी त्याला वाटेला लावलं होतं.

"पैसे मिळाले रे, पण गेलेली वर्षं थोडीच परत मिळतात?" मी टोमणा मारला.

तो गोड हसला. "ऑर्डर वाचलीस का? सर्व लाभांसह, असं लिहिलंय."

ऑफिसच्या भिंतीवर आमचा जुना ग्रुप फोटो आहे. त्यात हंगामी लोकांना घेतलंच नव्हतं. दुपारी सहज पाहिलं, तर माझ्या शेजारी तो उभा होता, माझ्या खांद्यावर हात टाकून.

मी तडक घर गाठलं. किल्ली कुलपात शिरेना, म्हणून बेल दाबली. माझ्या लेकीने दार उघडलं, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि आत वळून हाक मारली, "आई, बाबांच्या ऑफिसातले काका आलेत."