हसून मान डोलवायची

परदेशात डॉक्टरकी शिकायला आल्या आल्या सीनियर दादाने त्याला गुरुमंत्र दिला होता, "भाषा कळली नाही की हसून मान डोलवायची. वेळ मारून नेता येते."

आज सकाळी तोच मंत्र कामाला आला. बसस्टॉपच्या बाकावरच्या आजोबांनी त्याची बाही धरून एकच वाक्य दोन-तीनदा म्हटलं. बसचंच काहीतरी विचारत असतील, असं समजून त्याने हसून मान डोलावली. तेवढ्यात बस आली, तो चढला. आजोबा बाकावरच राहिले.

भाषेच्या तासाला बाई म्हणाल्या, "आता वॉर्डात जायचंय. पेशंट काय म्हणतात, ते आज शिकू."

त्यांनी पहिलंच वाक्य म्हटलं आणि त्याने वहीतून चमकून वर पाहिलं. मग बाईंनी अर्थ सांगितला, "छातीत दुखतंय, कुणाला तरी बोलवा."

सगळा वर्ग अडखळत होता. त्याची पाळी आली, तसं ते वाक्य त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, मधल्या धापेसकट.

बाई खूश झाल्या. "अगदी इथल्या माणसासारखं म्हणालास. कुणाकडून शिकलास?"

प्रश्न त्याला नीट कळला होता. त्याने हसून मान डोलावली.