विंचवाच्या वाट्याची हुर्यो

“टाळ्या वाजवतील,” विंचू लेकीच्या कानाशी लागून म्हणाला. “बघशील तू. म्हातारा झालाय बिचारा म्हणून टाळ्याच वाजवतील.”

“मग वाजवू देत की, बाबा. लोक टाळ्यांसाठी जीव टाकतात.”

“ते हिरो लोक. मी व्हिलन होतो.”

नाट्यगृह खच्चून भरलं होतं. दर शनिवारी टीव्हीवर लागायच्या त्या जुन्या कुस्त्या आज मोठ्या पडद्यावर दाखवत होते, आणि एकेक कुस्ती संपली की तिच्यातल्या मल्लांना रंगमंचावर बोलवत होते. मल्ल सगळे पहिल्या रांगेत. कुणाचा गुडघा नवा, कुणाची कवळी नवी. कोण जिंकणार हे तेव्हा सकाळीच ठरलेलं असायचं आणि ‘विंचू’ या नावाने आखाड्यात उतरणाऱ्या या मल्लाच्या नशिबी कायम हरणंच असायचं. रेफ्रीची पाठ फिरली की समोरच्याचे केस ओढायचे, प्रेक्षकांतल्या म्हाताऱ्यांशी भांडण उकरून काढायचं आणि शेवटी सणसणीत मार खायचा, हे त्याचं काम. बावीस वर्षं त्याने ते इमानाने केलं. व्हिलनला टाळी पडली म्हणजे काम फसलं आणि हुर्यो उडाली म्हणजे साधलं, असा त्या धंद्याचा सरळ हिशेब. ती हुर्यो मरण्याआधी एकदा कानांवर पडावी एवढ्यासाठी चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो इथवर आला होता, आणि आता त्याचा जीव टांगणीला लागला होता.

लेक आली होती ती बाबांना एकट्याला जिने चढवत नाहीत म्हणून. शाळेत तिला ‘विंचवाचं पिल्लू’ म्हणायचे. सोमवार नकोसा व्हायचा. बाबांची एकही कुस्ती तिने कधी पाहिली नव्हती. पुढे ती फिजिओथेरपिस्ट झाली, गावभरच्या माना आणि खांदे तिने सरळ केले. बाबा मात्र आपल्या डाव्या खांद्याला तिला हात लावू देत नसत. जिन्यावरून पडलो होतो, एवढंच सांगत.

दिवे गेले. पडद्यावर विंचू आणि वादळ. वादळ म्हणजे तेव्हाचा चॅम्पियन, पोरींच्या वह्यांत ज्याचे फोटो असायचे तो. विंचू आडवा पडला होता. वादळ कोपऱ्यातल्या दोरावर चढला, त्याने हात पसरले आणि उडी घेतली. विंचू गर्रकन त्याच्या खाली सरकला. धाडकन आवाज झाला, दोघे निपचित. मग वादळाचा हात विंचवाच्या छातीवर आला, रेफ्रीने एक, दोन, तीन मोजलं, कुस्ती वादळाने जिंकली आणि नाट्यगृह वादळाच्या नावाने दणाणलं.

लेक एकटी पडद्यावरच्या विंचवाच्या डाव्या खांद्याकडे बघत होती.

“बाबा, त्यांचा पाय सटकला.”

“हं.”

“ते डोक्यावर पडत होते. मान मोडली असती. तुम्ही मध्ये खांदा घातलात.”

“हळू बोल.”

“आणि पडल्यावर ते शुद्धीवर नव्हतेच. हात त्यांनी टाकला नाही. तुम्ही ओढून घेतलात छातीवर.”

विंचू पडद्याकडेच बघत राहिला. या गोष्टी घरीसुद्धा बोलायच्या नसतात, आणि त्याने चाळीस वर्षं बोलल्या नव्हत्या. पलीकडच्या खुर्चीतला काठीवाला म्हातारा मात्र पुढे वाकला. तोच वादळ.

“दवाखान्यात डोळे उघडले, पोरी, तेव्हा मला कळलं की मी जिंकलोय.”

“बाबा, तुम्ही नुसते उठून उभे राहिला असतात तरी चॅम्पियनचा पट्टा तुमचा होता.”

“जिंकणं त्याचं ठरलं होतं,” विंचू म्हणाला. मग थोडा ताठ बसला. “आणि माझ्याशी लढलेला एकही माणूस कधी जायबंदी झाला नाही. त्या दिवशी सुरुवात करायची होय?”

तेवढ्यात माइकवर पुकारा झाला : आता येताहेत आपल्या सगळ्यांचे लाडके आजोबा, विंचू.

लाडके आजोबा. विंचू पायऱ्या चढून वर गेला आणि व्हायचं तेच झालं. टाळ्या वाजल्या. मऊ, बेताच्या, म्हातारा न पडता वर पोचला म्हणून वाजवतात तशा. निवेदकाने गुच्छ पुढे केला. विंचवाने मान खाली घातली. संपलं सगळं, त्याला वाटलं.

“हुर्यो!”

आवाज पहिल्या रांगेतून आला होता. अठ्ठेचाळीस वर्षांची त्याची लेक खुर्चीवर चढून उभी होती.

“लबाडा, रेफ्रीची पाठ फिरली की केस ओढतोस होय रे! खाली उतर!”

सगळे वळून तिच्याकडे बघू लागले. मग वादळाने काठी जमिनीवर आपटली आणि तोही ओरडला. मागून कुणीतरी शिट्टी मारली. बाल्कनी उठली. बघता बघता आख्ख्या नाट्यगृहाने विंचवाची अशी हुर्यो उडवली की निवेदक दोन पावलं मागे सरला. तिसऱ्या रांगेतल्या एका आजींनी तर चप्पल हातात घेतली. लेकीच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आवाज फाटला होता, तरी ती थांबेना.

विंचवाचा कणा सरळ झाला. त्याने गुच्छ हिसकावून घेतला, जमिनीवर आपटला, त्यावर पाय ठेवला आणि लेकीकडे बोट रोखून माइकमध्ये गुरगुरला, “तू घरी चल. तुला बघतोच.”