रिकार्डचं बदक

थंड स्कोने प्रांतात ऑक्टोबर सरत आला तरी सिग्नेच्या घरातलं हीटिंग बंदच होतं. न्यूमोनियातून नुकताच उठलेला तिचा नवरा आल्वार कोट-टोपी घालून अंथरुणात बसायचा. दुरुस्ती करणारा रिकार्ड तीन आठवडे रोज नवं कारण सांगत होता. शनिवारी सकाळी तर त्याने फोनवर खोकूनच दाखवलं. "तापाने फणफणलोय काकू. उठवत नाही हो."

"तू बंदूक घे आणि शिकारीला जा," आल्वार म्हणाला. "तुझा हा चेहरा बघून मला जास्तच हुडहुडी भरते."

सिग्ने आपल्या स्पॅनियल कुत्रीला, टूवाला, घेऊन तळ्यावर गेली. ती काडतूस भरते तोच पलीकडच्या लव्हाळ्यातून बार झाला आणि एक रानबदक पाण्यात पडलं. टूवाला काही सांगावं लागलं नाही. तिने पोहत जाऊन ते तोंडात धरून आणलं आणि सिग्नेच्या पायाशी ठेवलं.

"ओ बाई, माझं आहे ते!" समोरच्या काठावर एक धडधाकट, लालबुंद गालांचा माणूस उभा राहिला. रिकार्ड! सिग्नेला ओळखताच तो खोकायला लागला.

सिग्नेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने बदक पिशवीत टाकलं.

"तुझंच आहे ना? मग तुझ्या घरी नेऊन देते. बायकोला तुझी तब्येतही विचारते."

रिकार्डचा खोकला जागीच थांबला.

"काकू, तेवढं नका करू! मी तुमचं हीटिंग दुरुस्त करायला गेलोय, असं तिला सांगून आलोय."