रुखवतातील हत्यारे

"आई, दहा-अकराच्या पान्याशेजारी हा वीस-बावीसचा कुणी ठेवला?"

"मीच ठेवला. मोठा मध्ये शोभून दिसतो."

बोळिंजच्या लग्नाच्या हॉलमध्ये सकाळची हळद नुकतीच आटोपली होती. रुखवताच्या मेजावर बुंदीचे लाडू, साखरेचे तुळशी-वृंदावन, लोकरीची बैलजोडी आणि स्टीलची हंडा-कळशी अशी सर्व मांडणी यथास्थित झाली होती. मेजाच्या टोकाला लाल मखमल अंथरून जयवंतीबाईंनी लेकीची हत्यारे ठेवली होती. पान्यांचे त्यांनी कमळ केले होते. पक्कड आणि हातोडी मोरांच्या जोडीसारखी समोरासमोर बसवली होती, आणि प्रत्येक दांड्याला सोनेरी लेस बांधून वर हळदीकुंकवाचे बोट लावले होते.

सुरुची पिवळ्या साडीचा पदर खोचून ते कमळ मोडू लागली.

"लहानापासून मोठ्यापर्यंत लावतात ते, आई. न बघता हात घातला तरी पाहिजे तोच पाना हाती यायला हवा."

"आज लग्न आहे तुझं. आज कुठे न बघता हात घालणार आहेस?"

सुरुची हसली, तथापि तिचे हात थांबले नाहीत. दुचाकी दुरुस्तीचे काम ती आजवर परक्याच्या गॅरेजात, परक्याच्या हत्यारांनी करीत आली होती. हा संच तिचा स्वतःचा, पहिला. जयवंतीबाई वास्तविक विरारच्या बाजारात रुखवतासाठी डिनर सेट घेण्यास गेल्या होत्या. लेकीने त्यांना शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानात नेले. "जावईबापूंसाठी का?" असे दुकानदाराने विचारले, तेव्हा "नाही, नवरीसाठी," असे उत्तर जयवंतीबाईंनीच दिले होते. दुकानदाराने पुढ्यातला चकचकीत संच उचलून ठेवला आणि आतून वजनदार पाने आणून दिले.

ते रुखवतात मांडावेत हा हट्ट मात्र सुरुचीचा. लग्नानंतर तिने काम करण्यास संकेतची, म्हणजे नवऱ्या मुलाची, हरकत नव्हती. परंतु चांदीप गावी राहणाऱ्या त्याच्या आई, कृष्णाबाई, या विषयावर हो किंवा नाही असे एक अक्षरही बोलल्या नव्हत्या.

"त्यांनी आजच पाहावं," सुरुची म्हणाली होती. "अक्षता पडायच्या आधी. नंतर साड्यांखाली लपवून न्यायचं नाही मला."

शेवटचा पाना जागेवर जातो न जातो तोच वराकडील बायका रुखवत पाहण्यास आल्या. पुढे कृष्णाबाई, त्यांच्या मागे संकेतची आत्या. लाडूंचे कौतुक झाले. बैलजोडीचे फोटो मोबाइलमध्ये निघाले. मग सगळ्या मखमलीपाशी येऊन थबकल्या.

"काय हो विहीणबाई," आत्या म्हणाली, "सून देताय का फिटर?"

"बरंच झालं की," मागून कुणीतरी म्हणाले. "वरातीची गाडी बंद पडली तर नवरीच खाली उतरेल."

हशा पिकला. जयवंतीबाईंचा हात नकळत मखमलीच्या कोपऱ्याकडे गेला. तो दुमडून सारे झाकून टाकावे असे त्यांना वाटले. सुरुचीने आईच्या हातावर आपला हात ठेवला आणि तेथेच राहू दिला.

कृष्णाबाई हसल्या नव्हत्या. त्यांनी सर्वांत मोठा पाना उचलला. त्याची लेस सोडून बाजूला ठेवली. पाना हातात तोलला, पुन्हा मखमलीवर आडवा ठेवला आणि त्यावर आपली वीत टाकली. वितीपुढे बोटे मोजली. त्यांचे ओठ हलत होते. शब्द कुणालाच ऐकू येत नव्हते. हशा हळूहळू विरून गेला.

"याच्यापेक्षा मोठा नाय ना कोनता?"

"नाही, काकू," सुरुची म्हणाली. "हाच शेवटचा."

"आनि हे टांगायचे असतात, का पेटीत घालायचे?"

"टांगलेले बरे. समोर दिसतात."

कृष्णाबाईंनी मान डोलावली आणि त्या आत्याकडे वळल्या.

"वन्सं, घरी फोन लावा. मांडवाचा सुतार फळ्या घेऊन पडवीत बसलाय. मापाशिवाय कापनार नाय म्हनतो. त्याला सांगा, एक वीत आनि चार बोटं जागा सोडायची, मग खाली दुसरी फळी."

"आज? लग्नाच्या दिवशी?"

"मग कधी? पोरगी कामाला लागली की हत्यारं काय गॅसच्या ओट्यावर ठेवायची?"

आत्याने पिशवीतून फोन काढला. सुताराला माप सांगितले. पलीकडून त्याने काहीतरी विचारले.

"खिळे किती उंचावर मारू, म्हणतो."

कृष्णाबाई सुरुचीसमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी तिला पायांपासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळले.

"हात वर कर बघू, बाय."

सुरुचीने हात वर केला. हिरव्या बांगड्या खळखळत कोपराकडे उतरल्या, आणि मेंदीने रंगलेली बोटे जिथवर पोहोचली तिथवर कृष्णाबाई मान मागे टाकून पाहत राहिल्या.