मोका

सरकारी वकिलांनी फोनचा आवाज वाढवला आणि अकोल्याच्या त्या कोर्टात शफीकचाच आवाज घुमला.

"गोपाल, मोका पाहून ये. दुकान बंद झालं का मंग शटर उघडू आपण."

शफीक शटर दुरुस्त करणारा, गोपाल त्याचा जोडीदार. जुन्या शहरातल्या एका कापड दुकानाचं शटर अडकत होतं. भर बाजारात ते काम होत नाही, म्हणून फोनवर पाठवलेला हा निरोप. पण त्याच आठवड्यात दुकान फुटलं आणि निरोप दोघांच्या गळ्याशी आला.

"चोरीचा माल यांच्याकडे सापडला नाही, कबूल," सरकारी वकील म्हणाले. "पण हेतू बघा. मोका म्हणजे संधी. संधी बघून ये, मग शटर उघडू. कट याहून वेगळा काय असतो?"

शफीकला ओरडून सांगावंसं वाटलं. अहो, मोका म्हणजे जागा! उभ्या वऱ्हाडात गवंडी काय, सुतार काय, काम धरण्याआधी जो तो मोकाच पाहतो. दोघांच्या वकिलाने हे सांगून पाहिलं, तेव्हा सरकारी वकील नुसते हसले होते. आरोपीने सांगितलं की त्या चोराच्या उलट्या बोंबा.

मग तपास अधिकारी साक्षीला उभा राहिला. माणूस वऱ्हाडातल्याच वलगावचा, बोलणं मोकळं. खबर मिळाल्यावर काय केलंत, असं सरकारी वकिलांनी विचारलं.

"लगेच मोक्यावर गेलो, साहेब. मोका पाहून पंचनामा केला."

गोपालने शफीकला कोपर मारलं. "शफीकभाई, आयकलं का? हा बी तेच बोलून राहिला!"

शफीकचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच न्यायाधीशांनी टायपिस्ट बाईंना मजकूर सांगितला. "लिहा. मी तात्काळ घटनास्थळी गेलो. घटनास्थळाची पाहणी करून पंचनामा केला." त्यांच्या मनात काही नव्हतं, सवयच तशी. कळा खडखडल्या आणि मोका कागदावर आलाच नाही. शफीकचा वकील पुढच्या प्रश्नाचे कागद चाळत होता. त्याने काही ऐकलंच नव्हतं.

"बोला ना," गोपाल कुजबुजला. "आता नाई तं कवा बोलसान?"

शफीकने हात वर केला.

न्यायाधीशांनी पाहिलं. "काय सांगायचंय?"

सगळं कोर्ट त्याच्याकडे वळलं. टायपिस्ट बाईंनी बोटं कळांवर ठेवली आणि त्या थांबल्या. शफीक त्या बोटांकडे बघत राहिला. एका शब्दाने इथवर आणलं होतं. आता तोंडातून निघेल त्यातला कोणता शब्द कोणत्या अंगाने उलटेल, कुणी सांगावं? त्याने हात खाली घेतला.

"काही नाही, साहेब."

बाईंनी ते मात्र जसंच्या तसं लिहून घेतलं.