अकरा खुणा

कागदावर एकही लाल खूण नव्हती.

परिचारिकेनं तो उलटून पाहिला. मागेही नाही. तिची चाळीस स्पॅनिश वाक्यं, खाली नवऱ्याची काल संध्याकाळची सही आणि एक शब्द: बिनचूक. तिच्या जिवात जीव आला. आज अकरा वाजता स्पॅनिशची लेखी परीक्षा. पास झाली तर पुढच्या महिन्यात परदेशातलं इस्पितळ, दोन वर्षं.

नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. स्पॅनिश त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यानं काही अडत नसे. ओळ शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायची, एकेक अक्षर मुळाशी ताडून. “अर्थ कळला की चूक दिसत नाही,” म्हणायचा. तिच्या पुस्तकाच्या शेवटी उत्तरं होती. त्याला तेवढं पुरे होतं.

खुशीत तिनं सहज तेच पान उघडलं.

सियास रोहा. हे तिचं.

सियास रोहास. हे पुस्तकाचं.

लाल खुर्च्या. तिला वाटलं, पुस्तकच चुकलं. खुर्ची एक असो की दहा, लाल ती लालच. मग खाली पाहिलं.

साबानास लिंपिया.

साबानास लिंपियास.

स्वच्छ चादरी. आता मात्र ती गडबडली. पांढऱ्या, मोठ्या, जुन्या असल्या सगळ्या शब्दांना तिनं शेवटचा ‘स’ न चुकता लावला होता. लाल, स्वच्छ, सुंदर हे शब्द आपल्या मराठीत अनेकवचनातही जागचे हलत नाहीत, म्हणून तिकडेही तिनं त्यांना हलवलं नव्हतं. मोजलं. अकरा. पुन्हा मोजलं. अकराच. म्हणजे चुकलं कोण? पुस्तक नाही. ती चुकली, हे खरं. पण मग...

पुढचं नाव घ्यायला मन धजेना.

नवरा ओट्याशी तिचा डबा भरत होता.

“अहो, हे तुम्ही नीट पाहिलंत?”

“पाहिलं की.”

“अकरा चुका आहेत.”

“असतील. डोळे दमले असतील.”

“औषधाच्या बाटलीवर वेलांटी चुकली तर कंपनीला पत्र लिहिता तुम्ही.”

“दोन लिहिली होती,” तो म्हणाला. “पहिल्याला उत्तर आलं नाही.”

ती हसली आणि आपण का हसलो ते तिला कळेना. परवा एका अक्षरापायी यानंच तिला अख्खं पान पुन्हा लिहायला लावलं होतं. जायचं ठरलं तेव्हा जाऊबाईंनी नाक मुरडलं, भावानं ‘विचार कर’ म्हणून तीनदा फोन केला. हा एकटाच म्हणाला होता, बिनधास्त जा. तो खोटं बोलला होता का? की तेव्हा खरं होतं आणि काल संध्याकाळी नव्हतं? रागवावं तर कशावर, तेही नीट हाती लागत नव्हतं.

तो डब्याचं झाकण दाबत राहिला. झाकण केव्हाच लागलं होतं.

तिनं कागद ओट्यावर ठेवला. “परत बघा.”

त्यानं हात पुसले. खिशातून लाल पेन्सिल काढली. शेवटच्या ओळीपासून वर जायला लागला. एक खूण. जरा वर, दुसरी. पेन्सिल मधल्या वाक्यांवर थांबतही नव्हती, सरळ पुढच्या चुकीवर जात होती. अकरावी खूण करून त्यानं कागद तिच्याकडे सरकवला.

उत्तरांचं पुस्तक तिच्या हातात होतं. मिटलेलं.

“पाठ होत्या?” तिनं विचारलं.

त्यानं पेन्सिल खिशात ठेवली. “निघ आता. अकराला दार बंद करतात.”

म्हणाला खरा, पण स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला आणि बाजूला झाला नाही.